ओकवरचा घाव

दुपारची जेवणं उरकून मंडळी खाऱ्या झऱ्याकाठच्या ओकपाशी जमली. केझाया पाच महिन्यांच्या एनॉसला झोळीत पाठीशी बांधून आली होती. पोर गाढ झोपलं होतं.

तिचा नवरा एसाहेल पानगळीत तापाने गेला. केंटकीत आल्यापासून दोघं भाऊ याच झऱ्याचं पाणी आटवून मीठ विकत. आता थोरला जोथम म्हणत होता, झरा आपला एकट्याचा. त्याच्याकडे दहा वर्षांपूर्वीचा कागद होता. एसाहेलचा कागद म्हणजे या झाडावर त्याने कुऱ्हाडीने घातलेला सीमेचा घाव. घावावर दर वर्षी लाकडाचं एक वलय चढतं. अकरा निघाली तर झरा केझायाचा. नाहीतर तिने बिऱ्हाड उचलायचं.

म्हाताऱ्या मोजणीदाराने, लडलोने, घावाचा ठोकळा कापून काढला. एकेका वलयात काटा खोचत मोजलं.

आठ.

"झालं!" जोथम हसला. "चूल विझव, केझाया."

"थांबा, भावजी. लडलोकाका, पुन्हा मोजा."

आठव्या काट्याच्या बाहेर, सालीलगत, एक बिनकाट्याचं वलय होतं. नऊ. लडलोने चष्मा पुसला.

"म्हातारा आंधळा झालाय," जोथम म्हणाला.

"पुन्हा मोजा."

दहा. लडलोने ठोकळा उन्हात धरला, थुंकी लावून अंगठ्याने घासला. झोळीची गाठ केझायाच्या खांद्यात रुतत होती. तिने ती नुसती सरकवली.

"अजून एकदा, काका."

अकरा.

लडलोने वहीत आकडा लिहिला. 

केझाया हसणार होती. तेवढ्यात झोळीतून लोंबणाऱ्या दोन टाचा तिच्या मांड्यांवर आपटल्या. गुडघ्यांच्या थोड्याच वर. पोराला बांधलं तेव्हा त्याची पावलं तिच्या कमरेशी होती.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"तिच्यासाठी चारदा मोजलंत," जोथम म्हणाला. "आता एकदा माझ्यासाठी."

"नको!" केझाया म्हणाली. "झरा घ्या, भावजी. कढया घ्या. आम्ही आजच जातो."

"आता का गं? लबाडी उघडी पडेल म्हणून?"

जोथम आणि लडलो ठोकळ्यावर वाकले. लडलोने पहिल्या काट्यावर बोट ठेवलं.

"एक. दोन."

"तीन," केझायाच्या कानामागून कुणीतरी म्हणालं. त्या श्वासाला अजून दुधाचा वास होता.