हिरव्या पडलेल्या लड्या

"हे तुझंच काम! दुसऱ्या कुणाची छाती आहे माझ्या रंगाला हात लावायची?"

मामंजींनी लोकरीच्या ओल्या लड्या सुनेच्या पायाशी भिरकावल्या. निळीच्या पिंपात बुडवलेल्या त्या लड्या निळ्याशार व्हायच्या, त्या गवतासारख्या हिरव्या पडल्या होत्या! तीन दिवसांच्या तापातून सून आजच उठली होती, भिंतीचा आधार घेऊन कशीबशी उभी होती. दाराशी नणंद, अर्धवट विणलेला स्वेटर हातात तसाच धरून, वहिनीकडे डोळे वटारून पाहत होती.

"रंगवलेल्या पिवळ्या लड्या पांढऱ्यांत मिसळल्यास ना? पिवळ्यावर नीळ चढली की हिरवंच होणार! बोल!" मामंजी गरजले.

सुनेला सारं ठाऊक होतं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं... की मामंजी, तुमच्या डोळ्यांना आता पिवळं आणि पांढरं वेगळं दिसत नाही. वर्षभर रोज पहाटे मीच पांढऱ्या लड्या निवडून तुमच्या टोपलीत ठेवत आले, आणि मी अंथरुणाला खिळले तेव्हा निवडायला कुणी उरलंच नाही! पण सासूबाई गेल्यापासून हा माणूस त्या एका रंगखोलीच्या आधारावर जगत होता. ते वाक्य तिच्या तोंडून निघालं असतं, तर त्याच क्षणी त्यांचं अवसान गळालं असतं...

"चुकलं, मामंजी," ती म्हणाली. "माझ्याच हातून मिसळल्या."

"मग आजपासून त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही!"

नणंदेने खोलीची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. नवरा मेंढपाळांकडे लोकर आणायला डोंगरात गेलेला; मन मोकळं करायचं तरी कुणाजवळ? ती बाहेरच्या खोलीत चरख्यावर बसून राहिली, आणि कातलेल्या धाग्यावर टपटप आसवं गळत राहिली.

"चरख्याकडे तरी नीट बघ," नणंद येता-जाता टोमणा मारी, "नाहीतर तिथेही घोळ घालशील!"

आठव्या दिवशी मात्र नणंद धावतच आली. तिच्या हातात पुन्हा हिरव्याच लड्या होत्या, आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, किल्ली माझ्याजवळ होती. तू आत पाऊलही टाकलं नाहीस. मग या कशा हिरव्या झाल्या?... बाबांना दिसत नाही का गं?"

सुनेने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"हळू बोल! त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. माझंच नाव सांग. सांग की मी खिडकीतून शिरले..."

"खिडकीतून? त्या खिडकीतून मांजरही आत शिरत नाही, वहिनी!"

आणि हसता हसता नणंदेला रडू फुटलं. "आठ दिवस मी तुला टोचून टोचून बोलले, आणि तू..."

"मांजर नाही, आंधळा म्हातारा शिरला होता." मागून आवाज आला. मामंजी चौकट धरून उभे होते!

"मामंजी, तसं काही नाही..."

"पुरे, पोरी. आता तरी माझ्यासाठी खोटं बोलू नकोस." ते खाली बसले. "मला संशय होता गं... पण कबूल करायला जीभ रेटेना. तुझ्यावर ओरडलो की मनातली भीती जरा वेळ गप्प बसायची. आजारातून उठलेल्या लेकरावर ओरडलो मी!"

त्यांनी हात जोडले. सुनेने झटकन ते हात आपल्या हातांत घेतले. कित्येक वर्षं त्यांनी बुडवलेल्या आणि तिने पिळलेल्या लड्यांच्या निळीने दोघांचीही नखं सारखीच काळीनिळी झाली होती!

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

"जाऊ. पण आधी हाती घेतलेला स्वेटरांचा माल पुरा करायचाय." ते उठले, लेकीकडून किल्ली मागून घेतली आणि स्वतः चाचपडत कुलूप काढलं. पिंपासमोरच्या आपल्या जागेवर, जिथे चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नव्हतं, तिथे त्यांनी सुनेला उभं केलं.

"आज तू बुडव," ते म्हणाले. "मी लड्या पिळतो."

आणि अस्तन्या दुमडून ते तिच्या डाव्या हाताला, नव्याने काम शिकायला आलेल्या माणसासारखे, वाट पाहत उभे राहिले.