पंधरवड्यातला सर्व्हर

गुन्हेगार कितीही बिलंदर असो, मागं एखादी खूण ठेवतोच, हा तपासशास्त्राचा त्रिकालाबाधित सिद्धान्त आहे. सात रस्त्यावरच्या ‘जलवार्ता’ कंपनीत तर गुन्हेगारानं चक्क नाव-आडनाव लिहून ठेवलं होतं. एवढी सोय झाल्यावर तपास करायचाच कशाला, असं मालक उदयसिंहांचं मत पडलं.

कोणत्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, याचे निरोप ‘जलवार्ता’ मोबाइलवर धाडते. निरोप धाडणारा नवा सर्व्हर क्लाउडवरून तिसऱ्यांदा गायब झाला होता. पुसल्याच्या नोंदीत तिन्ही वेळा एकच नाव, खालिद मुजावर. सर्व्हर उभा केला होता तोही खालिदनंच. सकाळी उदयसिंहांनी त्याला कामावरून काढलं.

“दुसरा गुन्हेगार दाखव, परत घेतो. शब्द माझा,” ते जाहिदाला म्हणाले. जाहिदा तिथली सगळ्यात जुनी इंजिनिअर.

खालिद जिन्यात बसला होता. मंगळवेढ्याच्या एसटीला अजून अवकाश होता.

“तू पुसलास?” जाहिदानं विचारलं.

“आपा, मीच बांधायचं, मीच पाडायचं? मी काय वाळूत खेळणारं पोरगं हाय?”

“मग नाव तुझं कसं?”

“माझ्या नावावर काय काय चालतं, मलाच म्हाईत न्हाय. सिंकचा प्रोग्रॅमबी माझ्याच खात्यावर बसवलाय.”

“काल सर्व्हर गेला तेव्हा कुठं होतास?”

“सरांच्या केबिनमधी. मोबाइल काढून घेतलेला. शिव्या खात उभा होतो.”

“आणि सर?”

“शिव्या देत होते. मधनंमधनं स्वतःचा मोबाइल बघत होते.”

जाहिदा रुद्रप्पाच्या टेबलाशी गेली. हा अ‍ॅपची डागडुजी करी.

“काल काय केलंस?”

“बटण निळ्याचं हिरवं केलो. सर मोबाइलवरनंच लगेच मंजूर केले.”

“आणि मागच्या दोन वेळी?”

“एकदा लोगो सरकवलो, एकदा अक्षर मोठं केलो. तेपण लगेच मंजूर.”

“खालिदच्या सर्व्हरचा कोड?”

“पडून आहे की. मंजुरी सरांचीच लागते. सर हात लावेनात.”

केबिनमध्ये उदयसिंहांच्या टेबलावर नारळ होता. कंपनीत नवं काही आलं की तो फुटे. हा बरेच दिवस अखंड होता.

“सर, गुन्हेगार सापडला.”

“कोण? रुद्रप्पा?”

“क्लाउडवर काय काय असावं, ते सगळं आपल्या रेपोत, म्हणजे कोडच्या कोठारात, लिहिलेलं असतं. तुम्ही काहीही मंजूर केलंत की सिंक निघतो, रेपो वाचतो आणि जे तिथं लिहिलेलं नाही ते क्लाउडवरून पुसतो. खालिदच्या खात्यावरून. म्हणून नाव त्याचं. सर्व्हर त्यानं हातानं, थेट क्लाउडवर, उभा केला होता. रेपोत तो पोचलाच नाही, कारण तुम्ही त्याचा कोड अडवलात. तीनदा रुद्रप्पाची दुरुस्ती मंजूर झाली, तीनदा सर्व्हर गेला. काल खालिद तुमच्यासमोर रिकाम्या हातानं उभा होता, सर. तुमचं बोट कुठं होतं?”

उदयसिंहांनी स्वतःच्या बोटाकडं पाहिलं.

“पितृपक्षात नवीन काम मंजूर करायचं व्हय? म्हणून तर त्याला म्हणलो, सध्या हातानं चालव. हातानं चालवलेलं नवीन धरत नाहीत.”

“आणि दुरुस्त्या?”

“त्या चालतात की. गळका नळ कोण पंधरा दिवस ठेवतं?”

“मग खालिदला परत घ्या.”

उदयसिंह मनापासून ओशाळले. चूक आपलीच, हे त्यांनी दोनदा कबूल केलं. मग त्यांची नजर नारळावर गेली.

“पण नवीन नेमणूक... पंधरवड्यात?”

“तो जुनाच आहे, सर.”

“सकाळी काढला की. आता घेतला तर नवीनच झाला.” त्यांनी सुस्कारा सोडला. “घटस्थापना होऊ दे. बघू.”

उदयसिंहांचं ‘बघू’ जाहिदा वर्षानुवर्षं बघत आली होती. ती समोरच्या खुर्चीत टेकली.

बाहेर फोन वाजत होता. कुठल्या तरी गल्लीत पाणी येऊन गेलं होतं, निरोप न देता.

एसटीची वेळ झाली. खालिद डब्याची पिशवी खांद्याला लावून केबिनच्या दारात आला.

“येतो, सर.”

“खालिद, थांब.”

तो गर्रकन वळला. जाहिदाही उठून उभी राहिली.

“जाता जाता तेवढा सर्व्हर एकदा हातानं चालू करून जा की.”