एक थाप की दोन

चहा घ्या, गूळ घातलाय. धुकं उठेपर्यंत तुम्हालाही कुठे जाता येणार नाही आणि माझ्याकडेही गिऱ्हाईक फिरकणार नाही. मघाशी विचारलंत ना, की हा तरसेम मिस्त्री दुकानात कुठलाच पत्रा भिंतीला टेकवून का ठेवत नाही, सगळे आडवे का टाकतो. ते सांगतो.

माझं काम ट्रकमध्ये टेप आणि स्पीकर बसवायचं. खन्न्यापासून लुधियान्यापर्यंत या जीटी रोडवर धावणाऱ्या निम्म्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात. लोकांना वाटतं, मोठा स्पीकर आणला की झालं. तसं नसतं. ट्रकची कॅबिन म्हणजे पत्र्याचा डबा. आत कितीही भारी स्पीकर लावा, गाण्यापेक्षा पत्राच जास्त वाजतो. म्हणून मी आधी खडखड मारतो आणि मग गाणं बसवतो. दाराचं अस्तर काढायचं, आतल्या पत्र्यावर डांबराच्या चिकट पट्ट्या तापवून दाबायच्या, सांध्यांत लोकरीचा नमदा भरायचा, जे सैल असेल त्याच्याखाली रबर घालायचं. ज्या दारावर थाप मारली की खणकन वाजायचं, ते मग नुसतं 'धप्' करतं. बायको म्हणते, हा माणूस आमच्या लग्नात माझ्याकडे बघायचं सोडून वरातीच्या गाडीचा पत्रा कुठे वाजतोय ते ऐकत होता. खोटं नाही बोलत ती.

गेल्या पोहात, म्हणजे तुमच्या पौष महिन्यात, बिक्करसिंग त्याचा धान्याचा ट्रक घेऊन आला. बरोबर त्याची बायको शिंदर होती. ट्रक मुळात त्याच्या बापाचा, अजैबसिंगचा. म्हाताऱ्याने उभा जन्म तो चालवला. डोळे अधू झाले तेव्हा स्टिअरिंगचं चाक मुलाच्या हाती दिलं आणि स्वतः डाव्या सीटवर बसायला लागला. 'आता हा उस्ताद आणि मी याचा क्लीनर' असं ढाब्याढाब्यावर हसत सांगायचा. आणि क्लीनरचं काम मनापासून करायचा. गाडी मागे घ्यायची असली की क्लीनर उतरून मागे जातो आणि फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या खाली पडणाऱ्या दारावर, तळहाताने थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. आरशावर ड्रायव्हर ठेवणार नाही एवढा विश्वास तो या थापेवर ठेवतो.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात, असंच धुकं असताना, एका गोदामाच्या आवारात ट्रक मागे घेताना अजैबसिंग फाळका आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. जागीच गेला. चाकावर बिक्कर होता.

त्याला कुणी बोल लावला नाही. सगळे म्हणाले, धुकंच तसं होतं, शिवाय म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, चुकून दोन थापा मारल्या असतील. बिक्कर ऐकून घ्यायचा. वर्षभरात त्याच्या अंगावरचं मांस गेलं होतं. शिंदरने मला सगळ्यात मोठे स्पीकर दाखवा म्हणून सांगितलं. हा घरी जेवत नाही, रात्रीचा उठून गाडीत जाऊन बसतो, कान देऊन काय ऐकतो कोण जाणे, निदान गाणी लागली तर माणसात येईल, असं तिचं म्हणणं. ती चहा सांगायला गेली तसा बिक्कर माझ्याजवळ आला.

"उस्ताद, तिला हवे ते स्पीकर बसवा. पण मला या गाडीतली एकूणएक खडखड काढून द्या. मी काच उघडी ठेवणार आहे. बाहेरचं सगळं आत ऐकू आलं पाहिजे, फक्त गाडीचा स्वतःचा आवाज नको."

मी म्हणालो की बाबा, लोक तर बाहेरचा आवाज बंद करून मागतात.

"धुक्यात गाडी मागे घेतली ना…" तो हळू बोलायला लागला, "की बापूजी अजून थाप मारतात."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"भीती वाटते म्हणून नाही आलो. त्या दिवशी मी दोन ऐकल्या, म्हणून ब्रेक सोडला. पण हा पत्रा सारखा वाजत असतो. त्यातली एक बापूजींची आणि एक पत्र्याची असली तर? आता ऐकतो तेव्हाही कळत नाही. एक की दोन, तेवढंच मला कळू द्या, उस्ताद."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी चेष्टा केली असती. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाना पुन्हा उचलला.

कामाला लागलो. बिक्कर इंजिन चालू ठेवून बसायचा आणि मी पत्र्यापत्र्याला तळहात लावत फिरायचो. हात लावला की जो आवाज थांबतो, तो तिथला. टपाचा पत्रा बोलत होता, डॅशबोर्ड बोलत होता, सीटखालची पेटी तर बडबडत होती. एकेकाला गप्प केलं. सगळ्यात वाईट होतं ते डावं दार, म्हाताऱ्याच्या बाजूचं. उघडलं तर आत बडीशेप आणि खडीसाखरेचे खडे. ढाब्यावर जेवून झालं की मूठभर घेऊन बसायचा, त्यातले काचेच्या फटीतून आत पडलेले, वर्षानुवर्षं. मी झाडून टाकणार होतो, बिक्करने माझा हात धरला. खडे वेचून त्याने रुमालात बांधले. त्या दाराला मी पट्ट्यांचे दोन थर दिले. बिक्करने बाहेरून थाप मारून बघितली. धप्. उशीवर मारल्यासारखी.

राहिला फाळका. त्याच्या बिजागऱ्यांच्या खिळी झिजून भोकं मोठी झाली होती, रस्ताभर तो आपटत असणार. नवीन खिळी खराद्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, यायच्या होत्या, म्हणून फाळका उतरवून दुकानामागच्या अंगणात विटांच्या भिंतीला टेकवून ठेवला. बाहेरच्या बाजूवर बाज पक्ष्याचं सुरेख चित्र होतं. रंग खरवडू नये म्हणून चित्राचं तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी शिंदर डब्यात पिन्नीचे लाडू घेऊन एकटीच आली. उद्या धुकं पडणार आणि तो मला बरोबर घेऊन त्याच गोदामात जाणार, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याने तिला काही सांगितलं नव्हतं, तरी तिला सगळं ठाऊक होतं.

"वीरजी, काहीही ऐकू आलं तरी तुम्ही दोनच सांगा," ती म्हणाली. "खरं काय ते रबला माहीत. मला तो घरात जिवंत हवा आहे."

मी हो म्हणालो. कोण नाही म्हणेल?

सकाळी असं धुकं होतं की दुकानाच्या दारातून रस्ता दिसत नव्हता. मी म्हणालो, खिळी दुपारपर्यंत येतील, फाळका चढवू आणि मग जाऊ. बिक्कर थांबायला तयार नव्हता, दुपारपर्यंत धुकं उठलं तर काय करायचं? गाडी रिकामीच होती, फाळक्यावाचून अडणार नव्हतं. मी डाव्या सीटवर बसलो आणि निघालो.

स्वतःच्या कामाचं कौतुक करू नये, पण तशी शांत कॅबिन मी पुन्हा केली नाही. इंजिन शेजारच्या घरात चालू असल्यासारखं वाटत होतं. उघड्या काचेतून ओल्या राखेचा आणि डिझेलचा वास येत होता. नवे स्पीकर गप्प होते. मी सारखा मनात घोकत होतो, दोन, दोन सांगायच्या.

गोदामाच्या आवारात कुणी नव्हतं. पुढे पांढरं, मागे पांढरं. आरशात ट्रकचा मागचा अर्धा भागच नव्हता. बिक्करने पगडीची कड कानावरून वर सारली आणि गिअर मागे टाकला.

गाडी हळूहळू मागे जायला लागली. चाकांखाली खडी करकरली. डॅशबोर्ड गप्प, टप गप्प, दारं गप्प. मला माझा श्वास ऐकू येत होता…

थाप.

स्वच्छ. मागून आली. पत्र्यावर उघडा तळहात पडल्याची.

बिक्करने ब्रेक दाबला. आम्ही दुसरीची वाट बघत बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. इंजिन बंद केलं, तरी वाट बघत होतो. दुसरी आली नाही.

"किती?" त्याने विचारलं.

"दोन," मी समोर बघत म्हणालो.

"उस्ताद…" तो अगदी मायेने बोलला. "गाडीतला सगळा आवाज तुम्हीच काढलात. आता दुसरी थाप कुठून आणणार?"

मग त्याने चाकावर डोकं टेकलं आणि रडायला लागला. वर्षभराचं साठलेलं रडणं होतं ते. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. माझेही डोळे भरून आले आणि स्वतःच्या कारागिरीचा राग आला. एखादा पत्रा सैल ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

आणि तसा बसलो असतानाच माझ्या लक्षात आलं. माझा कान मला फसवत नाही. ती थाप फाळक्यावरची होती. बिजागरीवर सैल लोंबणाऱ्या पत्र्याचा तो आवाज मी चांगला ओळखत होतो. आणि ट्रकला मागे फाळका नव्हता.

मी खाली उतरलो. ट्रकच्या अंगाला हात लावत मागे गेलो. मागे नुसतं उघडं तोंड, त्याच्या पलीकडे भिंत, आणि मध्ये धुकं. परत येऊन कसाबसा म्हणालो, "बिक्कर, फाळका तर माझ्या दुकानात आहे."

त्याने डोळे पुसले. त्याला नवल वाटलं नाही.

"मग बापूजी तिथेच उभे असतील," तो म्हणाला आणि गाडी वळवली.

दुकानाशी ट्रक रस्त्याकडेला लावून आम्ही मागच्या अंगणात गेलो. धुक्याने सगळी भिंत ओली झाली होती, विटांवरून पाणी ओघळत होतं. फाळका मी ठेवला होता तसाच टेकलेला होता. त्याच्यामागे मांजर शिरेल एवढीच जागा. दोन टोकं दोघांनी धरली आणि तो पुढे ओढला.

बाजाच्या चित्रावर दव साचलं होतं. त्या दवात एक हात उमटला होता. एकच. बोटांच्या टोकांतून पाणी अजून खाली उतरत होतं.

भिंतीकडे मी नंतर बघितलं. ओल्या भिंतीत एक कोरडा तुकडा होता. खाली अरुंद, वर खांद्यांएवढा रुंद, आणि त्याच्यावर पगडीएवढा गोल. माणूस पाठ लावून उभा राहिला म्हणजे मागची भिंत कोरडी राहते, तशी.

मला पळून जायचं होतं. पण फाळक्याचं एक टोक माझ्या हातात होतं, आणि दुसऱ्या टोकाशी तो मुलगा उभा होता.

"बापूजी," बिक्कर भिंतीकडे बघून म्हणाला, "एकच होती. तुमची काही चूक नव्हती. माझी होती."

त्याने फाळका आणखी मागे ओढला, वाट मोकळी केली. मग उजवा हात वर घेऊन फाळक्यावर थाप मारली. आणि लगेच दुसरी.

"या आता. रस्ता मोकळा आहे."

आम्ही तसेच उभे राहिलो. भिंतीवरचा तो कोरडा तुकडा पायाकडून ओला व्हायला लागला. गुडघे, कंबर, खांदे. शेवटी पगडीची जागा राहिली, तीही आमच्या डोळ्यांदेखत ओली झाली, आणि भिंत भिंतीसारखी झाली. मी वाहेगुरूचं नाव घेत होतो. मोठ्याने की मनात, आठवत नाही.

तेवढ्यात बाहेरून, रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रककडून, दोन थापा आल्या.

बिक्कर हसला. वर्षभरात पहिल्यांदा. फाळका जमिनीवर आडवा ठेवून तो ट्रककडे गेला, मीही मागोमाग गेलो. कॅबिन रिकामी होती. त्याने डावं दार उघडलं, खिशातला रुमाल काढला, खडीसाखरेचे खडे सीटवर ठेवले आणि दार लावून घेतलं. मग वळसा घालून चाकावर बसला आणि घरी निघून गेला.

परवा मंडीत शिंदर भेटली. तो जेवतो, झोपतो, गाडी चालवतो. गाणी लावतो, पण हळू आवाजात. दुसरा माणूस बरोबर असला तर त्याला सीटमागच्या फळीवर बसवतो, डाव्या सीटवर कुणालाच बसू देत नाही. बाकी काही तक्रार नाही म्हणाली. तिच्या नवऱ्याला मी काय सांगितलं ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

म्हाताऱ्याची मला भीती वाटत नाही. आपल्या जागेवर जाऊन बसला, चांगलं झालं. पण एक गोष्ट मी बिक्करला बोललो नाही.

त्या दोन थापा डाव्या दारावर पडल्या होत्या, आवाजावरून मी ते अंगणातच ओळखलं. बिक्कर निघण्याआधी मी मुद्दाम त्याच दारावर हात मारून बघितला. धप्. पट्ट्यांचे दोन थर मी स्वतः दिलेत, त्या दाराने दुसरं काही बोलायचं कारणच नव्हतं. आणि आम्ही अंगणात ऐकल्या त्या दोन्ही थापा खणकन वाजल्या होत्या, कोऱ्या पत्र्यावर. आणि प्रत्येक थापेबरोबर आत, दाराच्या पोटात, खडीसाखरेचे खडे खुळखुळले होते.