गवार कशी दिली?

"गवार कशी दिली?"

कल्याणीने हे विचारलं आणि तिच्या खांद्यामागून, त्याच क्षणी, तोच प्रश्न एका पुरुषी आवाजात आला. ती वळली. निळा शर्ट, पाठीला सॅक, हातात मोबाइल, आणि गवारीचा भाव विचारणं ही मोठी गंमत असल्यासारखं हसू. रविवारी सकाळी मंडईत माणसांना काय तोटा? पण नेमकं आपल्याबरोबर, आपलंच वाक्य बोलणारा माणूस... कल्याणीने पर्स पुढे ओढून घेतली.

गाळ्यावरच्या चंद्रभागा मावशींनी दोघांना एकदमच उरकलं. गवार, दोडका, घेवडा, भेंडी, सगळ्यांचे भाव एका दमात सांगितले आणि कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. थोडं कल्याणीच्या ओढणीवर उडालं.

"भिजलात," तो म्हणाला.

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि भाव मोबाइलात टिपून, काहीही न घेता चालती झाली.

आता कल्याणी संशयी होती, हे सांगून टाकलेलं बरं. मुळात नव्हती हो, वाशीमला चांगली भोळी होती. पुण्यात आल्या आल्या एजंटाने फोटोत एक खोली दाखवली आणि किल्ली दिली दुसऱ्याच खोलीची. तेव्हापासून ती दुधाची पिशवीसुद्धा तारीख दोनदा वाचून फोडायची. शनिवार पेठेत तिच्याबरोबर राहणारी नम्रता म्हणायची, "तू मंगलाष्टकं चालू असताना नवऱ्याचं आधार कार्ड मागशील." यात हसण्यासारखं काय आहे, हे कल्याणीला कळत नसे.

हडपसरच्या एका आयटी कंपनीत ती कंत्राटावर होती. पदवी हातात पडली तर जूनपासून कायम. नाहीतर बॅग भरून वाशीम, जिथे काकांनी दोन स्थळं हेरून ठेवली होती. पदवीला चार क्रेडिट कमी पडत होते. कॉलेजच्या परवानगीने ते ऑनलाइन कोर्स करून मिळवता येणार होते, आणि कोर्स होता स्थूल अर्थशास्त्राची ओळख. हडपसरच्या बसमध्ये, कानात इयरफोन खुपसून, ती देशाचं उत्पन्न शिकत होती. शेवटचा प्रकल्प तर अगदीच सोपा: चार रविवार एकाच बाजारात, एकाच विक्रेत्याकडे, त्याच भाज्यांचे भाव विचारायचे आणि महागाई किती वाढली, का वाढली, ते लिहायचं.

दुसऱ्या रविवारी निळा शर्ट पुन्हा हजर. आज शर्ट पांढरा होता, पण हसू तेच.

"तुम्ही घेत नाही कधी काही?" त्याने विचारलं.

"तुम्ही तरी कुठे घेता?"

"मी... घरी विचारून सांगतो."

झालं! घरी विचारायला काय, मुलगी बघायला आलाय की काय हा? तिने नम्रताला सांगितलं, तो माणूस पाळत ठेवतोय. नम्रता म्हणाली, दिसायला कसा आहे? कल्याणी म्हणाली, डाव्या गालाला खळी पडते, नखं स्वच्छ आहेत, बोलण्याआधी भुवई वर जाते. एवढं सगळं तिने फक्त पोलिसांत तक्रार द्यावी लागली तर असावं, म्हणून पाहून ठेवलं होतं. नम्रता उशीत तोंड खुपसून हसली.

तिसऱ्या रविवारी तो दगडी कमानीखाली उभा होता. चौथ्या रविवारीही. कल्याणी गाळ्यापाशी पोचली की हा मागून येऊन म्हणायचा, "गवार कशी?" आणि बघायचा... गवारीकडे नाही.

त्याच आठवड्यात कोर्सच्या व्हिडिओत सर सांगत होते, भाव वाढतील असं लोकांना नुसतं वाटलं तरी लोक आधीच खरेदीला धावतात, आणि त्यामुळे भाव खरोखरच वाढतात. म्हणजे वाटण्यानेच वाढतं. कल्याणीने हे वाक्य दोनदा ऐकलं. का ऐकलं, कोण जाणे.

प्रकल्प दिला आणि चारच दिवसांत कोर्सचं काम पाहणाऱ्या वासंती मॅडमनी कॉलेजात बोलावलं. कल्याणी केबिनमध्ये शिरली, तर समोरच्या खुर्चीत तोच! डाव्या गालाची खळी आज गायब होती.

"हे प्रज्ञेश," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच कोर्सचे. आणि तुमचे दोघांचे आकडे रुपया न् रुपया सारखे आहेत. गवार दोनशे चाळीस रुपये किलो. मी काल शंभरने घेतली. बसा."

कल्याणी बसली. तिने तर गवार एवढी का भडकली यावर दीड पान लिहिलं होतं! घरात तिचा डबा यायचा, प्रज्ञेशची मेस. दोघांनीही पुण्यात आल्यापासून भाजी विकत घेतलेली नव्हती. दोनशे चाळीस काय आणि चारशे काय, त्यांना काय कळणार?

"खरे भाव सारखे आले असते तर मी एक शब्द बोलले नसते," मॅडम म्हणाल्या. "खोटे भाव सारखे कसे येतात? एकाने मनाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले. कोणी, ते सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर दोघांचेही क्रेडिट गेले."

जूनचं, नोकरीचं, वाशीमचं कल्याणी कसंबसं सांगत होती, तेवढ्यात शेजारून शांत आवाज आला.

"मॅडम, मी उतरवलं. त्यांची काही चूक नाही."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, तर मग तसं सोमवारी लेखी द्या.

जिन्यात कल्याणीने त्याला गाठलं. दुसऱ्या एखाद्या मुलीला रडू कोसळलं असतं. पण कल्याणीला संशय आला.

"माझा मोबाइल कायम माझ्या हातात होता. तुम्ही उतरवलं कधी?"

"नाही उतरवलं."

"मग असं का बोललात? काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही. मी कुरिअरच्या ऑफिसात आहे, भंडाऱ्याचा. माझी पदवी सहा महिने उशिरा आली तर कोणाचं काही अडत नाही. तुमचं अडतंय."

"फुकटात कोणी कोणासाठी एवढं करत नाही."

"पुण्यात नसेल करत," तो म्हणाला, आणि खळी क्षणभर परत आली.

कल्याणीला त्याचा भयंकर राग आला. या माणसाने सहा महिने असे उचलून दिले होते आणि वर थट्टा करत होता. तिने स्पष्ट सांगितलं, मला खोट्यावर मिळालेले क्रेडिट नकोत. रविवारी मंडईत या. ज्या बाईने भाव सांगितले तिलाच विचारू.

रविवारी चंद्रभागा मावशी आधी दाद देईनात. मग सगळं ऐकल्यावर डोक्यावरचा पदर सारखा करून मोबाइलसमोर बसल्या. कल्याणीने मोबाइल धरला.

"ह्ये दोघं चार रविवार येत्यात," मावशी कॅमेऱ्याला म्हणाल्या. "भाव इचारत्यात, मोबाइलात टिपत्यात, घेत काय न्हाईत. मला आला राग. म्हनलं, ज्याला घ्यायचंच न्हाई त्याला कुठलाबी भाव चालतोय. आलं तोंडाला ते सांगितलं. दोघांला एकच सांगितलं, कोन सारखं सारखं बोलंल? पोरांची चुकी न्हाई, माजी हाय."

कल्याणीने सुटकेचा श्वास सोडला. मोबाइल खाली घेणार, तोच मावशी पुढे सुरू झाल्या.

"अन् ह्यो पोरगा आधी येऊन त्या कमानीखाली हुबा ऱ्हातो. ही आली की मग येतो. इचारतो गवार अन् बघतो हिच्याकडं. हीबी काय कमी न्हाई बरं का. पयल्यांदा पलीकडच्या दारानं आलती. आता दर येळी त्या कमानीकडनंच येती, वाट वाकडी करून."

पलीकडे, चहाच्या गाडीपाशी, दोघांनी व्हिडिओ पाहिला. दोघांच्याही हातातला चहा निवून गेला.

"माझ्याबद्दलचं तेवढं कापून टाकूया," प्रज्ञेश खाली बघत म्हणाला.

"पुरावा कापत नसतात," कल्याणी म्हणाली. "खरं आहे का ते?"

"पहिला रविवार खरोखर योगायोग होता... बाकीचे नाही."

म्हणजे पाळत ठेवत होता! आपला संशय अगदी बरोबर होता! इतका आनंद कल्याणीला पुण्यात आल्यापासून कशाने झाला नव्हता. आणि मग तिला व्हिडिओतलं वाकड्या वाटेचं वाक्य आठवलं. तिचे कान तापले.

"हे शेवटचं कापते मी," ती घाईने म्हणाली. "त्याचा प्रकल्पाशी काही संबंध नाही."

त्याने तिच्या मोबाइलवर अलगद हात ठेवला. बोटांना कोथिंबिरीचा वास होता.

"कापलंत तर मॅडमना संशय येईल."

कल्याणी त्याच्याकडे बघत राहिली. या वेळी तक्रारीसाठी नव्हे.

"येऊ नये संशय," ती शेवटी म्हणाली. "वाईट सवय आहे ती." आणि अख्खा व्हिडिओ तिने पाठवून दिला.

सोमवारी दुपारी मॅडमचा निरोप आला. तुम्ही कापाकापी न करता पाठवलंत, म्हणून विश्वास बसला. खरे भाव घेऊन प्रकल्प पुन्हा लिहा, दोघांचेही क्रेडिट शाबूत आहेत. खाली एक ओळ होती: या वेळी गवार विकत घ्या.

पुढच्या रविवारी कल्याणी लवकर गेली. कमानीखाली जाऊन उभी राहिली. लांबून निळा शर्ट येताना दिसला, आणि तिला तिथे बघून मध्येच थांबला. भुवई वर गेली.

"तू? इथे?"

"खात्री करत होते," ती म्हणाली, "तू नक्की येतोस का." आणि रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली.