बॅटरीमागची वायर

मला वास येत नाही. सहा वर्षांपूर्वी एक ताप आला, आठवड्याने गेला आणि जाताना वास घेऊन गेला. एरवी माणसाचं त्यावाचून काही अडत नाही; पण मी गाड्या दुरुस्त करतो आणि गावभर माझी ओळख 'नाकवाला मिस्त्री' अशी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

गाडीतून जळका वास येतो म्हणून गिऱ्हाईक आलं की निम्मं निदान नाकानंच होतं. तेल गळून गरम पाइपावर पडतंय, पट्टा घासतोय की वायर वितळतेय, तिन्हींचे वास वेगळे. तापानंतर हे काम आमची ही करायला लागली. गॅरेजच्या मागच्याच दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मी बॉनेट उघडून हाक मारली की ती पाण्याचा पेला घेऊन यायची, देता देता वाकून एक श्वास घ्यायची आणि माझ्या कानाशी पुटपुटायची, "रबर." मग मी डोळे मिटून, नाकपुड्या फुगवून ऐटीत सांगायचो, "पट्टा गेलाय." कुणी तिच्याबद्दल काही म्हटलंच, तर "तिला काय कळतंय गाडीतलं," म्हणून उडवून लावायचो. आत गेल्यावर ती म्हणायची, "एकदा तरी माझं नाव घ्या हो लोकांसमोर." मी ते हसण्यावारी न्यायचो.

ती जाऊन दहा महिने झाले. अजूनही बॉनेट उघडलं की हाक मारायला माझं तोंड उघडतं.

सोमवारी दुपारी वाचनालयातल्या बाई गाडी घेऊन आल्या. "चढ चढला की काहीतरी जळतं," त्या म्हणाल्या. "दोन ठिकाणी दाखवली. ते म्हणतात, तुमच्या मनाचे खेळ आहेत."

"कसा वास? तेलासारखा की प्लास्टिकसारखा?"

"ते तुम्हीच सांगायचं ना?"

मी गाडी चढावर नेऊन आणली, बॉनेट उघडलं, डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या. काही नाही. शेवटी हातांनीच शोधलं. इंजिनावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, पॅकिंगमधून तेल पाझरत होतं आणि खालीच सायलेन्सरचा पाइप. माझा जीव भांड्यात पडला. "तेल," मी जाहीर केलं. पॅकिंग बदललं, पाइप घासून पुसला. तोवर बाई दाराजवळच्या बाकावर पुस्तक वाचत होत्या. मध्ये एकदा त्या हलक्या आवाजात बोलत होत्या. फोन आला असेल, असं मला वाटलं.

मंगळवारी त्या परत आल्या.

"वास आहेच," त्या म्हणाल्या. "मी कालच सांगणार होते, पण त्या नको म्हणाल्या. गिऱ्हाइकासमोर यांना कमीपणा वाटतो म्हणे. चढावर नेऊ नका, उद्या घेऊन या, म्हणाल्या. तेल नाही, वायर आहे. बॅटरीमागची."

"त्या कोण?"

"काल माझ्याशेजारी बसल्या होत्या, त्या. तुम्हाला पाणी द्यायला आल्या होत्या ना?"

काल दिवसभरात मला कुणी पाणी दिलं नव्हतं.

"गल्लीतली असेल कुणी," मी म्हणालो आणि बॅटरी काढून बाजूला ठेवली. मागची जाड वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. वरचं प्लास्टिक काळं होऊन वितळलेलं. बोटभर अंतरावर पेट्रोलची नळी. आणखी एखादा चढ, आणि गाडी बाईंसकट पेटली असती.

मी नवी वायर टाकली, पत्र्यापासून लांब बांधली. बाक माझ्या पाठीमागे होतं. वळून पाहायची छाती होईना, आणि वळावंसं तर फार वाटत होतं. दहा महिन्यांत पहिल्यांदाच मला एकटं वाटत नव्हतं.

"झालं?" बाईंनी विचारलं. मग बाकाकडे पाहून त्या हसल्या. "तुमचं बरोबर निघालं हं."

मी वळलो. बाकावर कुणी नव्हतं.

"तुमच्या मिसेस ना?" बाई मला म्हणाल्या. "म्हणजे खरं नाक यांचं तर!"

मी हो म्हणायला हवं होतं. तेवढंच म्हणायचं होतं. पण गिऱ्हाईक समोर होतं, आणि जुनी सवय माझ्याआधी बोलून गेली.

"तिला काय कळतंय गाडीतलं. वायरचं मला कालच कळलं होतं."

बाईंचं हसू मावळलं. बाकावरची त्यांची नजर हळूहळू वर गेली, समोरचं माणूस उठून उभं राहिल्यावर जाते तशी. मग माझ्या अगदी जवळून सरकत गाडीकडे वळली.

"अगं," मी म्हणालो. "अगं, थांब. मला तसं म्हणायचं नव्हतं."

बाई गाडीत बसल्या. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"कुठे सोडू तुम्हाला?" त्यांनी शेजारच्या सीटकडे वळून विचारलं. उत्तर मला ऐकू आलं नाही. त्यांना आलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली.

शेजारचं दार उघडं होतं. बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

दार आतून ओढलं गेलं. नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा उघडलं आणि जोरात लावून घेतलं.