मंजुरीचं अ‍ॅनोटेशन

"चूक माही नाहीच, त राजीनाम्यावर सही काहून करू?" अलीझा दारातूनच म्हणाली.

२०११चा ऑगस्ट. अमरावतीच्या खासगी गुप्तहेर मनकर्णाबाईंनी तिला बसवलं. त्यांचे सहकारी नत्थुजी, एसटीतले निवृत्त कंडक्टर, वही उघडून सरसावले.

बियाणं न उगवल्याच्या तक्रारी नोंदवणारा प्रोग्राम अलीझाच्या कंपनीने कृषी कार्यालयासाठी केला होता. त्यात तक्रार पुसणाऱ्या मेथडवर, म्हणजे कोडच्या तुकड्यावर, तिने स्वतः घडवलेलं 'मंजुरी' नावाचं, चिठ्ठीसारखं चिकटवलेलं अ‍ॅनोटेशन होतं. प्रोग्राम चालताना तपासणीचा कोड ते शोधायचा आणि सापडलं की तिथल्या अधिकाऱ्याची परवानगी मागायचा. तरीही बुधवारी, सगळे वापरतात त्या लॉगिनमधून, अकोटच्या त्रेसष्ट तक्रारी परवानगीवाचून उडाल्या. मालक गजेंद्र म्हणत होते, पोरगी अ‍ॅनोटेशन लावायलाच विसरली. आज संध्याकाळपर्यंत राजीनामा, नाहीतर पोलीस!

ऑफिसात जाऊन पाहिलं, तर मेथडवर अ‍ॅनोटेशन जागच्या जागी. मनकर्णाबाईंनी ते ज्यात घडवलं होतं ती मूळ फाइल उघडायला लावली. अलीझा चमकली.

"प्रोग्राम चालतानाही 'मंजुरी' टिकवायची ओळ कोणी उडवली?"

फाइलमधला शेवटचा बदल मंगळवारी दुपारी बारा चाळीसचा होता. मनकर्णाबाईंनी तिला गप्प राहायची खूण केली आणि दुसरा प्रोग्रामर वकार याला बोलावलं.

"मंगळवारी दुपारी कुठे होता?"

"अकरा ते दोन भारनियमन असते ना, बाई. लाइट गेली का आमी दोघंई खाली चहाले. इन्व्हर्टर फक्त सायबाच्या केबिनले हाये."

"कोड घरी नेता?"

"कोणालेच नेता येत नाही."

मग केबिनमधून गजेंद्रांना बोलावलं. ते तावातच होते. "मी त मंगळवारी दिवसभर केबिनमध्येच होतो. अकोटचे बियाणेवाले पाहुणे आले होते. कोडमधलं मले ओ की ठो कळत नाही."

"पण अ‍ॅनोटेशन तर लावलेलं आहे."

"लावून काय होते? प्रोग्राम चालते तेव्हा उरलंच नाही, त तपासणी कशाची होते?"

मनकर्णाबाईंनी सगळ्यांना तिथेच बसवलं. नत्थुजींनी डोकं खाजवलं. "बाई, लावलेलं दिसते अन् तरी नाही, हे कसं?"

"कापसाच्या गाडीवर चिठ्ठी लावली आणि जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी येईतो ती गळाली, तर रखवालदार काय वाचणार? ती ओळ काढली की अ‍ॅनोटेशन कोडमध्ये दिसतं, प्रोग्राम चालताना तपासणीला सापडत नाही. बारा चाळीसला वीज नव्हती. सुरू होता तो एकच कॉम्प्युटर, केबिनमधला. आणि गजेंद्रजी, ओळ गेल्याचं आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्याला कोड कळत नाही, त्याला अ‍ॅनोटेशन उरलं नाही हे कसं कळलं? पाहुण्यांचं बियाणं फसलं होतं, तक्रारी त्यांच्यावरच होत्या."

गजेंद्रांचा आवाज एकदम मऊ आला. "अलीझा, घरातली गोष्ट घरात राहू दे. तुले बढती देतो."

संताप तिच्या डोळ्यांत मावत नव्हता. तिने टेबलावरचा फोन ओढला आणि कृषी कार्यालयाचा नंबर फिरवला.

"त्रेसष्ट तक्रारी मुद्दाम पुसल्या, सर. पुसणारा समोर बसून हाये. माहं नाव लिहून घ्या, अलीझा गुलाम नबी. हो, इथंच नोकरी करते. तरीई लिहा."