खोली बदलली आहे

धैर्यशील मानेला होम थिएटर हवं होतं, पण त्याच्या हॉलला ते नको होतं. दोन महिने हा गडी रोज जेवताना मोबाइलवर स्पीकर बघत होता. स्वतःच्या लग्नाच्या वेळी एवढ्या स्थळांची चौकशी केली नसेल त्याने. त्याची बायको शर्मिष्ठा म्हणायची, "एक काय ते ठरव बाबा, नाहीतर मी उठून दुकानातला पहिला डबा घेऊन येते."

पण चूक त्याची नव्हती, हॉलची होती. सांगलीतल्या चैत्रबन सोसायटीत सगळ्यांनी केलं तेच मानेंनीही केलं होतं, बाल्कनी आत घेतली होती. हॉल मोठा झाला खरा, पण जो खांब आधी कोपऱ्यात गुपचूप उभा होता, तो ऐन मध्ये आला. एका बाजूला उघडं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला काचेचं सरकतं दार. आवाज काचेवर आपटायचा, स्वयंपाकघरात शिरायचा आणि खांबामागे जाऊन विरायचा. आणि आबांचा, म्हणजे धैर्यशीलच्या वडिलांचा, दिवाण नेमका त्या खांबामागे.

आबांना कमी ऐकू यायचं आणि पाय तर पार गेलेले. कानातलं यंत्र लावायला ते काही केल्या तयार नव्हते. "कानात किडा शिरल्यागत होतंय," म्हणायचे. मग टीव्ही मोठा करायचा, की खालच्या मजल्यावरचे अण्णासाहेब चौगुले जिन्यातून ओरडणार, "अहो माने, बातम्या कळल्या आम्हालापण!"

शेवटी बजेटात बसली ती 'कर्णिका'. टीव्हीखाली ठेवायची एक पट्टी आणि साबणाच्या वडीएवढे चार स्पीकर. दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, "साहेब, हिचा गळा बेताचाच आहे. पण कान बघा हिचे!" त्याचं खरं होतं. मोठे स्पीकर महाग पडतात, पण बारीक मायक्रोफोन आता चण्याफुटाण्याच्या भावाने मिळत होते. कंपनीने प्रत्येक डबीत ते ठासून भरले होते. वटवाघूळ अंधारात करतं तेच कर्णिका करायची. माणसाला ऐकू येणार नाही असा बारीक आवाज सोडायची, तो कुठून किती वेळाने परत आला ते मोजायची आणि त्यावरून खोलीचा नकाशा काढायची. याला कंपनीने नाव दिलं होतं खोलीवाचन. एकदा खोली वाचली, की कुठल्या डबीने किती आणि कधी बोलायचं हे ती आपलं आपण ठरवायची. हॉल कितीही वाकडा असो.

एक डबी धैर्यशीलने आबांसाठी खांबावरच डकवली, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने. कर्णिका मिनिटभर गप्प राहिली आणि बाईच्या शांत आवाजात म्हणाली, "खोली वाचून झाली."

त्या संध्याकाळी टीव्हीवरच्या जुन्या नाटकातल्या एका विनोदाला आबा सगळ्यांच्या आधी हसले. हसले म्हणजे, खोकला येईपर्यंत हसले. शर्मिष्ठाच्या डोळ्यांत पाणीच आलं. धैर्यशील तर असा ऐटीत बसला होता, जणू कर्णिका त्यानेच जन्माला घातली होती.

कटकट सुरू झाली दोन दिवसांनी.

"खोली बदलली आहे," कर्णिका म्हणाली. "पुन्हा वाचू का?"

आधी त्यांना वाटलं, खुर्ची सरकली असेल. पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. पडदा तसाच ठेवला, खुर्च्या हलवल्या नाहीत, पाण्याचा जगसुद्धा जागचा उचलला नाही, तरी सकाळी चहाच्या वेळी ती आपली सुरू. "खोली बदलली आहे."

"स्वस्तातलं घेतलं की हे असंच," जिन्यात भेटल्यावर अण्णा म्हणाले. त्यांच्याकडे रविवारी धाकट्या लेकीचा, अनुजाचा साखरपुडा होता आणि आठवडाभर घरात ठोकाठोक चालू होती. "फरशी बदलतोय. पाहुणे मोठे आहेत, हॉल जरा दिसायला नको का? रविवारी सगळ्यांनी यायचं हं, वरच्या मजल्यांवरच्यांनाही बोलावलंय."

शर्मिष्ठाला जाणं भागच होतं. अनुजाला दहावीचं गणित तिनेच शिकवलं होतं, स्कूटरही तिनेच. पोरगी तिला सख्ख्या बहिणीसारखी होती.

शुक्रवारी धैर्यशील वैतागला. "परत करून टाकू हिला. मुदत आहे अजून."

"थांब, काय बदललंय ते तरी विचारू," शर्मिष्ठा म्हणाली. आजवर हे कुणाला सुचलंच नव्हतं. तिने विचारलं.

"खांबावरचा स्पीकर खाली आला आहे," कर्णिका म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढा."

"बघ! पट्टी निसटतेय," धैर्यशील म्हणाला आणि खूश झाला. ड्रिल आणून त्याने डबी खांबाला स्क्रूने घट्ट आवळली. वर टिचकी मारून बघितली. "आता काय बिशाद हलायची!"

रविवारी सकाळी शर्मिष्ठा साडी नेसून, केसांत गजरा माळून आरशासमोर उभी होती, तेव्हा हॉलमधून तोच शांत आवाज आला. "खोली बदलली आहे."

ती बाहेर आली. "आता काय?"

"खांबावरचा स्पीकर खाली आला आहे."

"स्क्रूने आवळलाय की तो! त्याच्याखालच्या फरशीपासून किती वर आहे?"

"पहिल्या दिवशी होता तेवढाच."

शर्मिष्ठाचा हात गजऱ्यावरच राहिला. डबी खाली आली, पण फरशीपासूनचं तिचं अंतर तेवढंच. म्हणजे फरशीही खाली गेली. म्हणजे डबी नव्हे, खांब खाली चाललाय. गुरुवारपासून काचेचं दार घासत होतं ते तिला आठवलं. रुळात कचरा अडकलाय म्हणून तिने तो ब्रशने साफ केला होता. आता तिने दार ओढून बघितलं, तर ते तसूभर हललं नाही.

ती आतल्या खोलीकडे वळून ओरडली.

"धैर्यशील, खांब खचतोय. आबांना खाली ने. मी अण्णांकडे जाते."

"वेड लागलंय का तुला? दाण्याएवढ्या फरकासाठी लोकांचा साखरपुडा मोडणार? आणि कुणाच्या सांगण्यावरून, तर सगळ्यांत स्वस्त डबड्याच्या!"

"परवा दाणा होता. आज किती आहे ते विचार तिला!"

एवढं बोलून ती चपला न घालताच जिना उतरली.

अण्णांचा हॉल माणसांनी फुलला होता. वरच्या मजल्यांवरचे सगळे तिथेच. जेवणाचा मांडव बाहेर मैदानात होता, त्यामुळे अजून कुणी हललं नव्हतं. उपाध्ये मंत्र म्हणत होते. अनुजा हिरव्या साडीत पाटावर बसली होती, शेजारी नवरामुलगा. मागे फुलांची आरास, आणि त्या आरासीच्या कडेला नवाकोरा, वरपासून खालपर्यंत आरसे मढवलेला एक खांब. सुरेख होता आणि बारीक होता. वर मानेंच्या हॉलमध्ये याच खांबाला शर्मिष्ठाच्या दोन्ही हातांची कव पुरत नसे. हा एका हाताने कवेत आला असता.

तिने अण्णांना कोपऱ्यात घेतलं. "अण्णा, खांबाला काय केलंत?"

"आवडला का?" अण्णांचा चेहरा उजळला. "अगं, जोडप्याच्या फोटोत मध्ये येत होता धोंडा. मग घेतला तासून चारी बाजूंनी. गवंडी म्हणाला, एवढा जाड लागतच नाही."

"आणि सळ्या?"

"एक-दोन येत होत्या मध्ये. कापल्या." मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू मावळलं. "का गं?"

तिने सांगितलं. भराभर, दबक्या आवाजात. दार, फरशी, डबी. अण्णांनी ऐकून घेतलं आणि चेहरा कठोर झाला त्यांचा.

"पोरी, तू आमची आहेस म्हणून ऐकून घेतलं. व्याह्यांच्या देखत मी सगळ्यांना उठा म्हणू? गाणी वाजवायच्या डबड्यापायी? अब्रू जाईल माझी. तासाभरात उरकतंय सगळं. मग बघू."

"तासाभर राहील की नाही—"

"शुभ बोल नाऱ्या!" अण्णा दातांवर दात ठेवून म्हणाले. अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी ऐकलं होतं. त्या कळवळून म्हणाल्या, "पाटावरून नवरीला उठवायचं नसतं गं. जन्मभर बोल लागतो."

तेवढ्यात शर्मिष्ठाचा फोन वाजला. धैर्यशीलचा आवाज पार बदललेला. "शमे, ती थांबतच नाही. एक वाक्य संपायच्या आत पुढचं बोलतेय. मी आबांना उचलतोय. तू बाहेर पड आधी!"

शर्मिष्ठाने फोन बंद केला. खोटं ठरलं तर या जिन्यात तिच्याशी पुन्हा कुणी बोलणार नव्हतं. अनुजाच्या सासरी तिचं नाव निघालं की लोक कडाकडा बोटं मोडणार होते. आणि खरं ठरलं तर? आत्ता फोटोसाठी सगळे आरासीपाशी गोळा होतील, त्या खांबाला खेटून. तिने ओटीचं ताट उचललं, बायकांमधून वाट काढत पुढे गेली आणि पाटाजवळ गुडघे टेकून बसली. ओटी भरायला आली असंच सगळ्यांना वाटलं.

"अनू," ती अनुजाच्या कानाशी म्हणाली, "हा खांब खचतोय. अण्णा ऐकत नाहीत. मला दाखवायला काही नाही आत्ता. पण तू ऊठ."

अनुजाने वर बघितलं. वडिलांकडे बघितलं. अण्णा मान हलवत होते, नको, नको. मग तिने शर्मिष्ठाकडे बघितलं. शर्मिष्ठाने ताट खाली ठेवलं आणि तिचा हात धरला.

"खरं ना, शमाताई?"

"खरं गं बाळा."

अनुजा उठली. पाटावरून सरळ उभी राहिली. उपाध्ये मंत्र म्हणता म्हणता थांबले. कुणीतरी "अगं अगं" म्हणालं.

"मला मोकळ्या हवेत जायचंय," अनुजा खणखणीत आवाजात म्हणाली. "साखरपुडा मांडवात होईल. सगळ्यांनी चला." तिने नवऱ्यामुलाचा हात धरला आणि चालायला लागली. तो बिचारा लाजून लाल झाला, पण गेला तिच्याबरोबर. आता नवरीच निघाली म्हटल्यावर मागे थांबून वऱ्हाड काय करणार? कुजबुजत, नाकं मुरडत, चपला शोधत सगळे जिना उतरले. जिन्यात धैर्यशीलने आबांना पाठुंगळी घेतलं होतं. नवऱ्यामुलाच्या मामांनी पुढे होऊन आबांचे पाय धरले.

हॉलमध्ये अण्णा एकटेच उरले. रागाने रिकाम्या पाटाकडे बघत उभे होते. शर्मिष्ठा दारातून हाका मारत होती, "अण्णा, पाया पडते, चला हो!"

टक्.

आरशात वरून खाली एक तिरकी रेघ उमटली. अण्णांच्या चेहऱ्याचे आरशात दोन तुकडे झाले. मग खांबातून आणखी एक आवाज आला, जाड, आतून आलेला. अण्णा पळाले. धोतर सावरत, लहान पोरासारखे रडत पळाले.

इमारत पडली नाही. दुपारी टेकूचे लोखंडी खांब आले, इंजिनिअर आला. त्याने आरसे उतरवले, तर आत उरलेलं काँक्रीट कोरड्या भाकरीसारखं भेगाळलेलं आणि सळ्या बाहेर फुगलेल्या. "फोटोला सगळे इथे जमले असते तर..." तो म्हणाला. मैदानात अनुजाच्या हातात साखरेचा पुडा पडला तेव्हा अण्णा सगळ्यांच्या देखत शर्मिष्ठाजवळ आले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून ते नुसतेच उभे राहिले.

इमारतीची दुरुस्ती होईपर्यंत मानेंनी जवळच भाड्याने घर घेतलं. तिथला हॉल चौकोनी, शहाण्यासारखा. कर्णिकाने तो चुटकीसरशी वाचला. शर्मिष्ठाने मात्र कंपनीला फोन लावला. तिला आभार मानायचे होते, आणि एक गोष्ट विचारायची होती.

"खांबावरचा, भिंतीवरचा स्पीकर खाली आला, असं आणखी किती घरांत निघालंय?"

"तसं आम्ही बघत नाही मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पट्टी निसटते ना बऱ्याचदा. त्या सूचनेच्या तक्रारी तर खूप येतात. लोक वैतागून वस्तू परत करतात. पण काळजी करू नका, आम्ही तो प्रॉब्लेम सोडवलाय."

"सोडवलाय म्हणजे?"

"नवीन अपडेट येतंय. ती सूचना बंद होईल. आता अजिबात त्रास होणार नाही."

शर्मिष्ठा ओरडली, समजावू लागली, वरच्या माणसाला जोडून द्या म्हणाली. तिची तक्रार नोंदवून घेतली गेली, आणि तिला धन्यवादही मिळाले. फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. गावोगावी आत घेतलेल्या बाल्कन्या आणि मध्ये आलेले खांब तिच्या डोळ्यांपुढे येत होते. कुठेतरी कुणीतरी आत्ता स्क्रू आवळत असेल आणि वर टिचकी मारून बघत असेल.

टीव्हीखालच्या पट्टीवर छोटा दिवा लुकलुकला.

"नवीन अपडेट आलं आहे," कर्णिका त्याच शांत आवाजात म्हणाली. "यापुढे खोली बदलली तरी मी सांगणार नाही. चालेल का?"

दिवाणावरून आबांनी मान उचलली. हात कानामागे धरला.

"काय म्हणतंय गं ते?"